दाराला लावलेली पाठ

गंगे, तू गेलीस तेव्हा मी दाराबाहेर होते. आत थांबीन असा तुला शब्द दिला होता, आणि बाहेर होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी फार भली बाई वाटायला नको.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, शांतपणे गेली, नशीबवान. मी विचारते, तुम्हाला कुणी सांगितलं? मग त्या चहाच्या कपात बघतात. तू शांतपणे कधी काही केलेलं मला आठवत नाही. भाकरी थापलीस तरी शेजारी कळायचं. शेंगाचटणी कुटायला बसलीस की मुसळाच्या आवाजावरून मी ओळखायचे, आज राग कुणावर आहे. बहुतेक माझ्यावर असायचा.

तू माझी धाकटी जाऊ. भवानी पेठेत एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तू, अशी आपण तीसेक वर्षं काढली. माझा नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. चौथीपर्यंत शाळा झाली होती म्हणून दवाखान्यात आया म्हणून लागले, आणि वीस वर्षं अपघाताच्या खोलीत काढली. बहात्तरच्या दुष्काळात नोकरी सोडून घरी बसले. तू चटणी कुटून दुकानांना द्यायचीस आणि मला म्हणायचीस, "अक्का, तुझं काम लई सोपं. नुसतं उभारायचं." चेष्टेत म्हणायचीस, पण खरं होतं. माझं काम उभं राहायचंच होतं. कुठं आणि कसं, ते तुला मी नीट सांगितलं नाही. आता सांगते.

त्या खोलीला दोन झडपांचं दार होतं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. आतली कडी कधीची मोडलेली. ती बसवून घ्यावी असं कुणाला वाटलं नाही, कारण मी होते. मरणाच्या दारातला माणूस आणला की डॉक्टर मान न वळवता म्हणायचे, "गर्दी हटवा." गर्दी म्हणजे त्याची आई, नाहीतर बायको. एकटीच असली तरी ती गर्दीच. मग मी पुढे व्हायचे. एका हाताने तिचं कोपर धरायचं, दुसरा हात पाठीवर, आणि आधी तिला वळवायचं. वळवणं महत्त्वाचं. टेबलाकडे तोंड असलेली बाई हलत नाही, पाठ झाली की चालायला लागते. चालताना बोलत राहायचं. "चला माय, डॉक्टरांना काम करू द्या. पाणी देते तुम्हाला." पाणी मी कधी कुणाला दिलं नाही. बाहेर आलं की दार लोटून त्याला पाठ लावायची आणि टाच रोवायची. मला हलवल्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नसे, आणि मला कुणी हलवू शकलं नाही. याचा मला अभिमान होता. मोठ्या सिस्टर नव्या आयांना माझ्याकडे शिकायला पाठवत.

का काढायचं बाहेर, हे मी एकदा विचारलं होतं. प्रत्येकाकडे कारण होतं. डॉक्टर म्हणाले, "नातेवाईक समोर असले की माझं लक्ष पेशंटवर राहत नाही." सिस्टर म्हणाल्या, "बघितलेलं जन्मभर डोळ्यांपुढून जात नाही बाई त्यांच्या. त्यांच्याच भल्यासाठी आहे." मलमपट्टी करणारा ड्रेसर हसून म्हणाला, "बाई चक्कर येऊन पडली की पेशंट दोन होतात." अगदीच खोटं नव्हतं. एका बापाने डॉक्टरांचा हात धरला आणि सुई आत मोडली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्या एका बापासाठी पुढच्या प्रत्येकाच्या आईला आणि बायकोला मी वळवत राहिले. आत काय चालतं तेही मला माहीत होतं. दाराच्या दोन झडपांमध्ये बोटभर फट होती आणि माझा कान नेमका तिथं यायचा. आत धडपड चालायची, जिवाच्या आकांताने चालायची, ते मी नाकारत नाही. पण मधूनच कुणी म्हणायचं, अजून चहा आला नाही का. कुणी म्हणायचं, चुकीची बाटली दिलीस की. हे ऐकायला घरचं माणूस नको होतं, गंगे. ज्याचं माणूस जातं आहे त्याने आपल्याला बघू नये, हे त्यांचं खरं कारण. वीस वर्षं दाराला कान लावून मला कळलेलं एवढंच, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग मल्लिनाथ भावजींना गिरणीतून आणलं. अकरा वर्षं झाली. दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. तुझा नवरा मशीनच्या पट्ट्यात सापडला होता, छाती चेपली होती. तू कुटणं तसंच टाकून, चटणीने लाल झालेल्या हातांनी धावत आलीस. डॉक्टर म्हणाले, "गर्दी हटवा." गर्दी म्हणजे तू.

मी तुझं कोपर धरलं.

"अक्का, सोड. माझा नवरा हाय त्यो."

"गंगे, चल. डॉक्टरांना काम करू दे. पाणी देते."

"मला तुझं पाणी नको. मी कोपऱ्यात उभारते. तोंडातनं शब्द काढणार न्हाय."

"नेम हाय तसा."

"तुझ्या नेमाला आग लाव."

तुला मी वळवलं. तू माझ्यापेक्षा दणकट, पण वळवलं. दाराला पाठ लावून उभी राहिले आणि तू माझ्या छातीवर मुठी मारत होतीस. माझ्या पांढऱ्या पातळावर तुझी लाल बोटं उमटली. धुतल्यावरही ती फिकट दिसत राहिली आणि मी ते पातळ घालून कामावर जात राहिले, कारण दोनच पातळं होती.

नंतर तू मला विचारलंस, "त्यांनी शेवटाला काय बोललं का?" मी म्हटलं, "न्हाय. शुद्धच नव्हती." तू दर वर्षी त्यांच्या दिवसाला तोच प्रश्न विचारायचीस आणि मी तेच उत्तर द्यायचे. अकरा वेळा. एकदा तू म्हणालीस, "तुझा कान दाराला होता की, अक्का. तू तरी खरं बोल." मी उठून भाकरी टाकायला गेले. तेव्हा तुला कळलंच असणार. भाकरी उलटवत मी तुझ्याकडे बघत नव्हते आणि पलीकडे मुसळ आपटत होतं, पार उखळ फुटेल असं.

आणखी एक गोष्ट तुला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर तू दवाखान्यासमोर जाऊन शिव्या दिल्या असत्यास. भावजींनंतर वर्षभराने तिथल्याच एका डॉक्टरांच्या आईला आणलं. तशीच घाईगर्दी, तसंच सगळं. मी सवयीने पुढे झाले, तर सिस्टर डोळ्यांनी म्हणाल्या, थांब. ते डॉक्टर त्या दिवशी डॉक्टर म्हणून उभे नव्हते. मुलगा म्हणून आईच्या पायाशी उभे होते, दोन्ही पाय हातात धरून. कुणाच्या मध्ये आले नाहीत. सिलिंडर डोक्याशी, सलाईन डावीकडे, सुया उजवीकडे, पायाशी मोकळी जागा. मीच त्यांना स्टूल दिलं. ते शेवटपर्यंत बसले, म्हातारी गेली, आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. चक्कर आली नाही. कुणाचा हात धरला नाही. ती जागा रोज तिथंच होती, गंगे. तुझ्या वेळीही होती. मी त्या दिवशी घरी आले आणि तुझ्या घरात न डोकावता सरळ झोपले.

तीन वर्षांपूर्वी तुला पहिल्यांदा छातीत कळ आली. वैद्याचं औषध घेऊन बरी झालीस. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मला तिकडं न्यायची वेळ आली तर तू आत थांबायचं. दाराशी न्हाय. आत."

"बरं."

"बरं न्हाय. हितं हात ठेव."

तू गळ्यातलं इष्टलिंग पुढं केलंस. मी त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, थांबते आत. तू म्हणालीस, "एवढं केलंस तर त्या दिवसाचं माफ." म्हणजे तोवर माफ नव्हतं. मला ते माहीत होतं, पण कानाने ऐकल्यावर बरं वाटलं. आपलं भांडण कुठंतरी संपणार होतं.

आता तू गेलीस त्या दुपारी कुटायला बसलीस आणि मुसळ मध्येच थांबलं. मी भिंतीला कान न लावताही ओळखलं. तुझी लेक शिवलीला माहेरी आलेली होती. आम्ही दोघींनी तुला टांग्यात घातलं. वाटेत तू माझं मनगट धरून होतीस. बोलवत नव्हतं, पण माझ्याकडे बघत होतीस, आणि मी मान हलवत होते. हो, हो, आठवतंय.

तुला टेबलावर घेतलं. कोवळे डॉक्टर होते, मी घरी बसल्यावर आलेले. नर्स नवी. आया मात्र कलावती, मीच शिकवलेली. मी तुझ्या पायाशी जाऊन उभी राहिले. बरोबर त्या जागेवर. तुझ्या पायाला हातही लावला होता, थंड होता. शिवलीला तुझ्या डोक्याशी रडत होती, "अव्वा, अव्वा" करत होती. डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "गर्दी हटवा."

आणि मी शिवलीलाचं कोपर धरलं.

कलावती दोन पावलं लांब होती. तिला पुढं व्हायची गरजच पडली नाही. माझा एक हात तुझ्या मुलीच्या कोपराला, दुसरा पाठीवर, तिला वळवलं, आणि माझ्या तोंडातून आलं, "चल माय, डॉक्टरांना काम करू दे. पाणी देते." दार लोटलं, पाठ लावली, टाच रोवली. लाकूड पाठीला लागलं तेव्हा कळलं की मी कुठं उभी आहे. मला कुणी बाहेर काढलं नाही, गंगे. मला बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. मीच काढलं मला. चार वर्षं झाली नोकरी सोडून, पण कुणी तो शब्द म्हटला की माझे हात अजून त्यांचेच नोकर आहेत.

तुझी लेक म्हणाली, "दोड्डव्वा, सोड मला." मोठ्या आईला आपल्यात कानडीत म्हणतात तसं ती मला लहानपणापासून दोड्डव्वा म्हणते. "सोड, मी काय करणार न्हाय, नुसती बघते." मी वळून दाराच्या मुठीला हात घातला. घातला होता, हे तरी मान. तेवढ्यात आतून डॉक्टर ओरडले, "दार धरा." मी धरलं. चौथी शिकलेली बाई, जन्मभर कुणी ओरडलं की आधी ऐकलं आणि मग विचार केला. याचा मला जेवढा राग येतो तेवढा त्या पोरसवदा डॉक्टराचाही येत नाही.

आत ते नव्या रीतीने छाती दाबत होते. भावजींच्या वेळी ते नव्हतं, तेव्हा नुसती सुई आणि प्राणवायू. आता मोजत दाबतात. एक, दोन, तीन, चार, पाच. मग जरा थांबून पुन्हा एक, दोन. फटीतून मी ते आकडे ऐकत होते. शिवलीलाला ते आकडे कळत नव्हते, ती माझ्या दंडाला लोंबकळत होती. मग मोजणं थांबलं. परत सुरू झालं नाही. मला कळलं आणि तिला कळलं नाही, आणि मी तशीच उभी राहिले. जरा वेळाने कलावती बाहेर आली आणि तुझ्या गळ्यातलं लिंग रुमालात बांधून तिनं माझ्या हातात दिलं. छाती दाबताना मध्ये येत होतं म्हणून काढलं होतं. ज्याच्यावर हात ठेवून बोलले होते, ते माझ्याच हातात आलं.

घरी आणून लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुला भिंतीला टेकवून बसवलं. कपाळभर विभूती लावली, गळ्यात परत लिंग बांधलं. सगळी पेठ आली. ज्यांनी तुझ्या चटणीचे पैसे बुडवले तेही आले. लहान पोरांना कडेवर घेऊन दाखवलं, पाया पड म्हणाले. कुणाला चक्कर आली नाही. कुणी म्हणालं नाही की बघवणार नाही. मेल्यावर तुला सगळ्यांनी बघायचं आणि जाताना कुणीच नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? मी तिथंच मोठ्यानं विचारलं. लोकांना वाटलं, म्हातारी दुःखाने बरळते.

दिवस झाल्यावर मी दवाखान्यात गेले. त्या कोवळ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले. मी बसले नाही.

"नातेवाईकांना बघवत नाही हो, आजी."

"कुणाला बघवत न्हाय? त्यांना का तुमाला?"

"नियम आहे तो."

"कुटं लिहिलाय?"

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर थुंकू नये असं लिहिलं होतं, चपला बाहेर काढाव्यात असं लिहिलं होतं, शांतता राखा असंही होतं. आईला, बायकोला, लेकीला बाहेर काढावं असं कुठं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या भिंतीसमोरून गेले आणि कधी वाचलं नव्हतं. तो नियम भिंतीवर नव्हताच. दाराला पाठ लावून मी उभी होते, तोच.

मग ते डॉक्टर खाली बघून म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंची छाती मी दाबली ना, तशी पहिल्यांदाच दाबली. कुणी बघत असतं तर मला जमलं नसतं."

मी म्हटलं, "कुणी बघत असतं तर तुमी अजून थोडी दाबली असती."

खरं असेल, नसेल. तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही, मी वीस वर्षं पाहिलंय, तुझे पाय आधीच थंड होते. पण ते बोलायला मी चालत गेले होते, बोलले. त्या पोराचा चेहरा उतरला. उतरू दे.

येताना कलावतीला कोपऱ्यात घेतलं. ती आधीच रडवेली. "मावशी, तुमीच शिकवलं की."

"शिकवलं. चुकीचं शिकवलं. आता नीट ऐक. कोपर धर, आधार लागतो माणसाला. पण वळवू नकोस. पायाशी ने. तितं एक माणूस मावतं. स्टूल ठेव."

"डॉक्टर वराडले तर?"

"वराडतील. तेवढं ऐकून घे."

"बघते," म्हणाली. बघते म्हणजे किती, ते मला आणि तिलाही ठाऊक आहे. नोकरी आहे बिचारीची. पण स्टूल कुठं ठेवायचं ते मी तिला जमिनीवर पायाने दाखवून आले.

एवढं करून आले आणि घरी बसले, तर शिवलीला. ती माझ्याशी बोलत नव्हती. तुझ्या दुकानदारांच्या राहिलेल्या चटण्या ती पुऱ्या करते आहे, म्हणून अजून सासरी गेली नाही. काल माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "दोड्डव्वा, अव्वा आत काय बोलली का?"

तोच प्रश्न, गंगे. तुझाच आवाज. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. न्हाय, शुद्धच नव्हती. अकरा वर्षांची सवय.

मी म्हटलं, "बोलली."

तिला सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तू ते बोललीस पण उत्तर खोटं ऐकलंस. माझी पाठ दाराला लागली होती, ते छाती दाबायला लागले नव्हते अजून, तेव्हा तू विचारलंस, "अक्का आत हाय न्हवं?" आणि कलावती म्हणाली, "हायत की, हितंच हायत." तेव्हाच मी मुठीला हात घातला होता. तेवढ्यात डॉक्टर ओरडले. त्यापुढचं तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे.

मग म्हटलं, आता एवढं बोललेच आहे, तर तिच्या अप्पांचंही सांगून टाकावं. मल्लिनाथ भावजी शुद्धीवर होते. दोनदा म्हणाले, "गंगी कुटं हाय? मला दिसंना. तिला हात धराय सांगा." तू माझ्या समोर होतीस, माझ्या छातीवर मारत होतीस, तुझ्या ओरडण्यात तुला ऐकू गेलं नाही. मला गेलं. तुला सांगितलं असतं तर तू मला तिथंच पाडून आत गेली असतीस. म्हणून नाही सांगितलं. त्या दिवशी ते काम होतं. पुढची अकरा वर्षं मात्र काम नव्हतं, ती माझी भीती होती. तू माझ्याशी बोलायची बंद होशील, एवढीच.

शिवलीलानं सगळं उभ्याने ऐकलं. मग म्हणाली, "तुला ऐकू आलं, आनि तू उभारलीस."

"व्हय."

"दोन्ही डाव."

"व्हय."

"माझ्या येळंला तू येऊ नकोस."

"तवर मी कशाला असते," मी म्हटलं. ती हसली नाही. मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

ती पलीकडे गेली. थोड्या वेळाने भिंतीतून मुसळाचा आवाज यायला लागला. अगदी तुझा हात आहे तिचा, तसंच आपटते. राग कुणावर आहे ते मला ओळखू आलं. चूल पेटवायची होती, पाणी भरायचं होतं, कुठं तरी उठून जाता आलं असतं. मी भिंतीशी बसले आणि कुटणं संपेपर्यंत ऐकलं.